काका, पुतणे आणि बायझंटियम

इंग्लंडच्या इतिहासातही एक ‘काका, मला वाचवा’ आहे. तिथे पुतणे दोन होते. चौथा एडवर्ड एप्रिल १४८३ मध्ये वारला तेव्हा थोरला मुलगा बारा वर्षांचा होता, धाकटा नऊ. सज्ञान होईपर्यंत राज्य सांभाळायला नेमलेल्या सख्ख्या काकाने दोघांना लंडनच्या टॉवरमध्ये नेऊन ठेवलं. काही आठवड्यांतच दोघेही अनौरस ठरले आणि काका ‘तिसरा रिचर्ड’ म्हणून गादीवर बसला. मुलं पुढे कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. आपल्याकडे शनिवारवाड्यात १७७३ साली जे झालं त्याला निदान गारदी होते, पाहणारे होते, रामशास्त्र्यांची चौकशी होती. टॉवरच्या बाबतीत हाती काहीच नाही, आणि बहुधा म्हणूनच ही गोष्ट इंग्रजी लेखकांना पाचशे वर्षं पुरली.

पुरली म्हणजे किती! रिचर्ड ऑगस्ट १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडला आणि राज्य ट्यूडर घराण्याकडे गेलं. ट्यूडरांच्या अमलात टॉमस मोरने त्याला काळाकुट्ट रंगवला आणि शेक्सपिअरने त्या रंगावर कायमचा हात फिरवला. १९५१ मध्ये जोसेफिन टे या बाईंनी ‘द डॉटर ऑफ टाइम’ लिहून त्याचं वकीलपत्र घेतलं. त्यात पाय मोडून इस्पितळात पडलेला एक पोलीस अधिकारी पलंगावरूनच खटला चालवतो आणि आरोपीला निर्दोष सोडतो. २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या मोटारी लावायच्या जागेखाली खुद्द राजाचा सांगाडा निघाला. कणा खरोखरच वाकडा होता. २०१५ मध्ये त्याला इतमामाने पुन्हा पुरलं, तेव्हा त्याच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे दोन्ही पक्ष हजर होते. एका राजावर इतकी पुस्तकं झाल्यावर त्यात आणखी कोणी हात घातला, तर वाचक काय अपेक्षा ठेवणार?

जॉन एम. फोर्ड यांची ‘द ड्रॅगन वेटिंग’ ही कादंबरी मी अशाच शून्य अपेक्षेने उघडली. तिचा सारांश कोणी सांगितला तर हात आखडता घ्यावा असाच आहे. तिसरा रिचर्ड आहे. रक्तपिपासू व्हॅम्पायर आहेत. वेल्समधला एक डोळा गमावलेला जादूगार आहे, फ्लॉरेन्सची एक वैद्य आहे, कॉन्स्टँटिनोपलच्या राजघराण्यातला एक बेघर राजपुत्र आहे. शिवाय मध्येच, हिमवर्षावात अडकलेल्या खाणावळीत, एक खून. एवढ्या जिन्नसांची भेळ १९८३ साली सव्वीस वर्षांच्या अमेरिकन पोराने केली आहे म्हटल्यावर ती रस्त्याकडेची असणार हे मी धरूनच चाललो होतो. पन्नासेक पानांत सरसावून बसलो. वाचून संपली तेव्हा पहिल्या पानावर परत गेलो, कारण पहिल्या फेरीत निम्मं हातून निसटलं होतं.

या पुस्तकातला इतिहास १४८३ साली वळत नाही. तो अकराशे वर्षं आधी वळलेला आहे. रोमन सम्राट ज्युलियन ३६१ मध्ये गादीवर आला. ख्रिस्ती धर्माला मिळालेला राजाश्रय काढून घेऊन जुन्या देवांना पुन्हा मान द्यायचा त्याचा बेत होता. इराणवरच्या मोहिमेत ३६३ मध्ये तो जखमी होऊन मेला आणि बेत त्याच्याबरोबर गेला. फोर्डच्या जगात ज्युलियनला वेळ मिळतो. कोणत्याही पंथाला बंदी नाही आणि कोणताही पंथ राज्याचा नाही, असा दंडक तो घालून देतो. पंधराव्या शतकातलं जे युरोप आपल्याला ठाऊक आहे त्यातून पोप वजा करा, धर्मयुद्धं वजा करा, आणि मग काय उरतं ते पाहा. मिथ्रा या देवाची दीक्षा घेणारे सैनिक उरतात. जुपिटर, सिबेली, इसिस यांची देवळं गावोगाव शेजारी शेजारी उभी राहतात. येशूचे अनुयायी अनेकांपैकी एक लहानसा पंथ होऊन राहतात. आणि रोमचा पूर्वेकडचा वारस, बायझंटियमचं साम्राज्य, १४५३ मध्ये तुर्कांच्या हाती पडत नाही. ते फुगत फुगत पश्चिमेपर्यंत येतं. फ्रान्सची वाटणी झालेली आहे, एक हिस्सा इंग्रजांचा, एक बायझंटियमचा. इटलीतल्या छोट्या राज्यांच्या मानगुटीवर त्याच साम्राज्याचा हात आहे आणि आता त्याची नजर इंग्लंडकडे वळली आहे.

हे सगळं मी एका परिच्छेदात सांगितलं. फोर्ड सांगत नाही. ज्युलियनचा उल्लेख येतो तो आपण शिवाजीमहाराजांचा करतो तसा, ऐकणाऱ्याला माहीतच आहे असं धरून. गॉलमधल्या, म्हणजे फ्रान्समधल्या, प्रकरणात काही मुलं एका गुहेत जमतात, मुखवटे चढवतात, ‘कावळा’ या पहिल्या पायरीची दीक्षा घेतात. हा मिथ्राचा विधी आहे हे वाचकाने आपल्या अकलेने ओळखायचं. मुलांपैकी एक त्या मुलखाच्या बायझंटाइन सुभेदाराचा पोरगा, दिमित्रिओस. त्याचे सवंगडी जिंकलेल्या लोकांची मुलं आहेत आणि तो जिंकणाऱ्यांचा आहे. या मैत्रीत केवढा सुरुंग पुरलेला आहे याबद्दल लेखक अवाक्षर काढत नाही. मुलं खेळतात, भांडतात, शपथा घेतात. पुढे साम्राज्याच्या राजकारणात बापाचा बळी जातो आणि पोराचं बालपण संपतं. साम्राज्याच्या मधल्या फळीतल्या माणसाची कोंडी इतक्या थोड्या पानांत, एकही भाषण न देता, मी फार क्वचित वाचली आहे. कलेक्टराच्या बंगल्यात वाढलेल्या गोऱ्या मुलांवरच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या यापुढे फिक्या वाटतात.

पहिली तीन प्रकरणं ही तीन वेगळ्या माणसांची, तीन वेगळ्या मुलखांतली, जवळजवळ स्वतंत्र दीर्घकथांसारखी आहेत. वेल्समधला हायवेल हा खाणावळीत भांडी विसळणारा पोरगा, पण ओवेन ग्लिनडूर या बंडखोर वेल्श राजाच्या रक्ताचा. साखळदंडात जखडून नेलेल्या एका जादूगाराची हाक त्याला एकट्यालाच ऐकू येते. दुसरा दिमित्रिओस. तिसरी सिंथिया रिच्ची, लोरेन्झो द मेदिचीच्या पदरी असलेल्या वैद्यांच्या घरातली, स्वतःही वैद्य. तिघांचंही काहीतरी मोडतं आणि तिघंही वाटेला लागतात. मग आल्प्स पर्वतातली ती खाणावळ येते. बाहेर बर्फ, आत अडकलेले दहा-बारा प्रवासी. जो तो आपण कोण हे लपवतोय, त्यातला एक व्हॅम्पायर, आणि सकाळी एक मुडदा. इथे फोर्ड सरळ अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या घरात शिरतो आणि तिच्याच फर्निचरवर बसून वेगळी गोष्ट सांगतो. मागच्या तीन प्रकरणांतली माणसं नावं बदलून या खोलीत बसली आहेत आणि मधल्या वर्षांनी त्यांचं काय केलं ते त्यांच्या तुटक बोलण्यावरून आपण ताडायचं. खुनाचा उलगडा होतो. खरा उलगडा मात्र हा की चौघा परक्यांना एकमेकांची गरज आहे. चौथा म्हणजे ग्रेगरी फॉन बायर्न. जर्मन विद्वान, तोफांचा जाणकार, आणि रक्ताच्या भुकेला लगाम घालून जगणारा.

व्हॅम्पायर ही कल्पना आता इतकी उष्टी झालेली आहे की तिचं नाव काढलं तरी जांभई येते. फोर्डने ती वैद्यकात नेऊन बसवली. हा रक्तातून पसरणारा रोग आहे. तो झालेल्या माणसाला ऊन सोसत नाही, मरण लांबतं, भूक मात्र रोजची. लोक त्याच्याकडे कुष्ठरोग्याकडे पाहावं तसं पाहतात, पण सत्ताधाऱ्यांना त्याचा मोह पडतो. मरणच नाही असा सरदार किंवा राजा म्हणजे राजकारणात काय उलथापालथ, याचा विचार फोर्ड हिशेबनिसासारखा करतो. सिंथिया आणि ग्रेगरी यांच्यामधले प्रसंग या पुस्तकाचा गाभा आहेत असं मला वाटतं. तिने रोगी बरे करायची शपथ घेतली आहे. तो बरा होऊ शकत नाही, आणि त्याला तिची दया नको आहे. जादूचंही तेच. हायवेल जादू करतो तेव्हा करणाराच पोखरला जातो, म्हणून शहाणा जादूगार तो, जो शक्यतो ती वापरत नाही. अद्भुत गोष्टींना इतका करडा भाव लावणारं पुस्तक या प्रकारात विरळा.

आणि मग येतो रिचर्ड. इथवर आलेल्या वाचकाला वाटतं, आता टेबाईंसारखी वकिली होणार, राजा निर्दोष सुटणार. फोर्ड ती वाट घेत नाही. या जगात टॉवरमधल्या पुतण्यांचा प्रश्नच वेगळा आहे, कारण थोरल्या मुलाला काय झालंय ते कळल्यावर काकापुढे उरणारा कोणताही पर्याय चांगला नाही. याहून जास्त सांगणं अन्यायाचं होईल. एवढंच म्हणतो, की इतिहासाने ‘खून कोणी केला’ असं विचारलं होतं आणि फोर्डने प्रश्न बदलून ‘अशा वेळी सज्जन माणसाने काय करावं’ असा केला. रिचर्डबद्दल पाचशे वर्षांत कोणाला न सुचलेलं काही सुचलं असेल तर ते हे.

दोषही आहेत, आणि ते लहान नाहीत. इंग्लंडात पोचल्यावर सरदारांची इतकी नावं अंगावर येतात की इंग्लंडच्या गादीवरून झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धा’ची वंशावळ शेजारी ठेवल्याशिवाय निभाव लागत नाही. इंग्रज वाचकांचंही तेच झालं असावं. चाहत्यांनी या पुस्तकाचा पानापानावरचा संदर्भकोश तयार केला आहे यावरून काय ते समजावं. दिमित्रिओस, ज्याच्यावर सगळ्यात सुंदर प्रकरण लिहिलं, तो उत्तरार्धात जवळजवळ शिपायाच्या कामाला लागतो. शेवटची लढाई घाईत आटोपली आहे. न सांगण्याची कला कुठे संपते आणि सांगायचा कंटाळा कुठे सुरू होतो, हे दोन-तीन ठिकाणी ठरवता येत नाही. मी ते लेखकाच्या नावे जमा केलं. दुसरा कोणी खर्चात टाकेल.

ऐतिहासिक अद्भुतिका हा प्रकार आज इंग्रजीत जोरात आहे, त्याच्या पार्श्वभूमीवर हे पुस्तक पाहण्यासारखं आहे. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून स्प्रेग द कँपच्या ‘लेस्ट डार्कनेस फॉल’कडे बोट दाखवतात. १९३९ मध्ये ती मासिकात आली. त्यात एक पुराणवस्तुशास्त्रज्ञ ५३५ सालच्या रोममध्ये जाऊन पडतो आणि ब्रँडी गाळणं, छपाई, दुहेरी नोंदीचा जमाखर्च असली विसाव्या शतकातली शिदोरी सोडत सोडत अंधारयुग अडवतो. मौजेची गोष्ट, पण तिथे भूतकाळ म्हणजे हुशार पाहुण्यासाठी मोकळं मैदान. गाय गॅव्ह्रिएल के यांनी वेगळा तोडगा काढला. स्पेन, बायझंटियम घ्यायचं, नावं बदलायची, आकाशात दोन चंद्र लावायचे आणि मग निर्धास्तपणे शोकांतिका लिहायची. त्यांची ‘द लायन्स ऑफ अल-रसान’ (१९९५) मला फार आवडते. तरी नावं बदलल्यामुळे लेखकाला एक सूट मिळते, खऱ्या माणसांना जाब द्यावा लागत नाही. फोर्डने ती सूट घेतली नाही. त्याचा लोरेन्झो हा लोरेन्झोच आहे.

मग २००४ मध्ये सुझॅना क्लार्क यांची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ आली. नेपोलियनशी लढणाऱ्या इंग्लंडात जादू परत येते आणि तिच्या जुन्या ग्रंथांवर तळटीपांमागून तळटीपा झडतात. फोर्डनंतर मला मनापासून पटलेलं एकच मोठं पुस्तक हे. कारण त्यातली जादू इंग्लंडच्या जमिनीत, तिच्या उत्तर-दक्षिण भांडणात, तिच्या सभ्य माणसांच्या क्षुद्रपणात मुरलेली आहे. बुकरच्या लांब यादीत ते गेलं, ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि दार उघडलं. पुढे काय आत आलं ते मात्र सरसकट आनंदाचं नाही. नेओमी नोव्हिक यांनी २००६ पासून नेपोलियनच्या युद्धात ड्रॅगनांचं हवाई दल उतरवलं, नऊ खंड झाले. ड्रॅगन आणि त्याचा कप्तान यांचं नातं लोभस आहे. पण हजारो वर्षं आकाशात ड्रॅगन असताना इंग्लंड-फ्रान्स जसंच्या तसं घडतं, नेल्सन आणि ट्रफाल्गरसुद्धा, हे मला पचलं नाही. पुढच्या खंडांत इतिहास वाकू लागतो, विशेषतः आफ्रिकेत. तोवर बराच प्रवास झालेला असतो.

२०२२ मध्ये गाजलेली आर. एफ. क्वांग यांची ‘बेबेल’ घ्या. १८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड, चांदीच्या विटांवर दोन भाषांतले शब्द कोरून मिळवलेली शक्ती, आणि त्या शक्तीवर चालणारं ब्रिटिश साम्राज्य. कल्पना झगझगीत आहे. चीनमधून आणलेला नायक, कलकत्त्याचा त्याचा मित्र, त्यांचा राग, सगळं खरं वाटतं. पण चांदी नसतानाही ब्रिटिश साम्राज्य नेमकं हेच झालं होतं! जादू काढून घेतली तरी अफूचं युद्ध होतंच. मग जादूने काय केलं? जे आपल्याला माहीत होतं ते ठळक अक्षरांत लिहिलं, आणि वाचकाला चुकूनही गैरसमज होऊ नये म्हणून तळटीपेत पुन्हा सांगितलं. क्लार्कच्या तळटीपा वाचकाला भुलवतात, क्वांगच्या शिकवतात. आजच्या बहुतेक ऐतिहासिक अद्भुतिकांची अडचण मला इथे दिसते. अभ्यास दांडगा असतो, बाजू बरोबर असते, कैरो, कँटन, हिंदी महासागर असे आजवर दुर्लक्षिलेले मुलूख आले आहेत आणि ही खरोखर चांगली गोष्ट. तरी इतिहासाला एक जादूची वस्तू जोडली की काम झालं, हा समज घट्ट बसला आहे. जोडलेल्या वस्तूने इतिहासाचं वजन हलवलं पाहिजे, याचा विसर पडतो.

अपवाद आहेत. मेरी जेंटल यांची ‘अ‍ॅश’ (२०००) ही फोर्डच्याच शतकातली, बर्गंडीतली. तिच्यात जुन्या हस्तलिखितांचा अनुवाद करणारा अभ्यासक आणि त्याची संपादक यांचा पत्रव्यवहार मध्येमध्ये येतो, आणि अनुवाद पुढे सरकतो तसे त्या अभ्यासकाचे पुरावेच बदलू लागतात. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कोलकात्याचे इंद्र दास. त्यांची ‘द डिव्हावरर्स’ २०१५ मध्ये आली. शहाजहानच्या काळातल्या हिंदुस्थानात युरोपातून आलेले नररूपी लांडगे हिंडतात आणि आजच्या कोलकात्यातला इतिहासाचा प्राध्यापक त्यांची कैफियत उतरवून घेतो. ताजमहालाच्या बांधकामाच्या आसऱ्याने उठलेली वस्ती त्यात आहे, ओसाड फत्तेपूर सिक्री आहे, आणि रक्त, घाम, लघवी यांचा वास असा आहे की मोगलांवरच्या अत्तर शिंपडलेल्या कादंबऱ्या वाचवत नाहीत. पुस्तक अंगावर येतं, काही ठिकाणी अति होतं. पण त्यातलं अद्भुत हे वरून लावलेलं नाही.

फोर्डचं पुस्तक मात्र मध्ये बरीच वर्षं मिळेनासंच होतं, आणि ही कहाणी कादंबरीइतकीच चमत्कारिक आहे. १९८४ मध्ये तिला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. पण फोर्डने तशी दुसरी लिहिलीच नाही. त्याने ‘स्टार ट्रेक’च्या दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली एक चक्क गाण्यांची धमाल. चंद्रावरच्या पोरांची कादंबरी लिहिली, मार्लोच्या हरवलेल्या नाटकाभोवतीची हेरकथा लिहिली, कविता लिहिल्या, घरी बसून खेळायचे खेळ रचले. मालिका नाही, पुढचा भाग नाही. दुकानदाराने फळीवर कुठे ठेवायचं? २००६ मध्ये तो एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, आणि त्याचं इच्छापत्र कायद्याला मान्य होईल अशा रूपात नव्हतं. लेखक नील गेमन त्याचा मित्र. त्याने धसका घेऊन लेखकांसाठी इच्छापत्राचा नमुनाच प्रसिद्ध केला. फोर्डची पुस्तकं बाजारातून गेली, आणि घरच्यांना त्याचं लेखन आवडत नव्हतं म्हणून ते परवानगी देत नाहीत अशी वदंता पसरली. पुढे आयझॅक बटलर या पत्रकाराने चिकाटीने माग काढला. २०१९ च्या त्याच्या लेखातून निष्पन्न झालं ते एवढंच, की प्रकाशक आणि नातेवाईक यांच्यातला दुवा तुटला होता. कोणी फोन करायचा हाच प्रश्न होता. २०२० मध्ये ‘द ड्रॅगन वेटिंग’ पुन्हा निघाली, आणि २०२२ मध्ये ‘आस्पेक्ट्स’ ही त्याची अपुरी कादंबरी, जिथे थांबली तिथेच थांबवून. वारसांच्या कपाटात अडकलेली मराठी पुस्तकं ज्यांनी शोधली आहेत, त्यांना यातलं काही नवं वाटणार नाही.

मराठीत या प्रकाराचं काय, हा प्रश्न मनात येणं स्वाभाविक आहे. ऐतिहासिक कादंबरीवर आपल्याइतका जीव टाकणारे वाचक देशात थोडे असतील. पण आपली ऐतिहासिक कादंबरी साधारण दोनच कामं करते. एक पूजा, दुसरं वकिली. ना. सं. इनामदार दुसऱ्या कामातले उस्ताद. यशवंतराव होळकर, त्रिंबकजी डेंगळे, दुसरा बाजीराव, अगदी औरंगजेबसुद्धा, इतिहासाने ज्याला कोपऱ्यात उभं केलं त्याला त्यांनी बोलायला लावलं. टेबाईंनी रिचर्डचं केलं तेच, आणि त्याहून अधिक रक्तामांसाचं. पण दोघांच्याही हातात शेवटी दप्तरच. घडलं ते घडलं, फक्त त्याचा अर्थ वेगळा लावायचा.

घडलेलंच हलवायचं धाडस केलं ते जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पोचतात, जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. बखरीतला एक तपशील इकडचा तिकडे झाला आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबईपुरती उरली. कल्पना भन्नाट, आणि मराठी वाचकाच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारी. पण नारळीकर वैज्ञानिक असल्यामुळे शेवटी फळ्यापाशी जातात. असं का झालं ते समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि त्या दुसऱ्या महाराष्ट्रात माणसं कशी जगतात, कशावरून भांडतात, हे पाहायला पंतांना पुरता वेळ मिळत नाही. उलट टोकाला जी. ए. कुलकर्णी. ‘रमलखुणा’तल्या ‘इस्किलार’मध्ये एक प्राचीन मुलूख आहे. त्याचे विधी आहेत, सत्ता आहे, भविष्यवाणी आहे, आणि जी. ए. एक अक्षरही उलगडून सांगत नाहीत. न सांगण्यात ते फोर्डच्या वरचढ आहेत. पण त्यांनी नकाशावरचा मुलूख आणि दप्तरातलं साल दोन्ही सोडून दिलं. एकाने इतिहास घेतला आणि तो समजावला, दुसऱ्याने अद्भुत घेतलं आणि इतिहासाशी फारकत घेतली. दोन्ही एका हातात धरणारी कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही. त्याआधीचे नाथमाधव आणि गो. ना. दातार यांच्याकडे भुयारं, कपटं, गुप्त दारं भरपूर आहेत, पण तिथे इतिहास म्हणजे रंगवलेला पडदा.

साहित्य कमी आहे असं मात्र नाही. आपल्या बखरी मुळातच या प्रकाराच्या जवळ आहेत. सभासद ज्या हाताने किल्ल्यांच्या आणि सरदारांच्या याद्या लिहितो त्याच हाताने भवानीचा दृष्टान्त लिहितो, आवाज जराही न बदलता. फोर्डला जे कमवावं लागलं ते त्याला वारशाने मिळालेलं होतं. वाचकाची तयारीही कमी नाही. कोकणात दशावतार पाहणाऱ्याला गोष्ट आधीच पाठ असते आणि संवाद लिहिलेले नसतात. राजा आज काय बोलेल एवढ्यासाठी तो रात्रभर बसतो. फोर्डने आपल्या कादंबरीला ‘मास्क’, म्हणजे दरबारी सोंगांचा खेळ, असं उपशीर्षक दिलं आहे. ते या प्रेक्षकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळेल.

अडतं ते दुसरीकडे. अमुक घडलं नसतं तर, असं लिहिणं म्हणजे अमुकाचा अपमान, अशी आपली हवा झाली आहे, आणि लेखक साहजिकच दप्तराच्या आडोशाला उभे राहतात. पण सगळेच विषय काही अंगाराचे नसतात. भाऊसाहेबांचा तोतया पाहा. पानिपतावर सदाशिवरावभाऊंचं शव मिळालं म्हणतात, तरी काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा एकजण उभा राहतो. चौकशी होते, खोटा ठरतो, कैदेत पडतो. रत्नागिरीकडून सुटतो आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती जातात. माणसं त्याच्यासाठी लढतात. १७७६ मध्ये त्याला पकडून पुण्यात देहान्ताची शिक्षा होते. आणि पार्वतीबाई या सगळ्या काळात सवाष्णच राहतात, नवरा गेला हे मान्यच करत नाहीत. टॉवरमधल्या धाकट्या पुतण्याचं नाव घेऊन पर्किन वॉरबेक असाच उभा राहिला होता आणि १४९९ मध्ये फासावर गेला. त्याच्यावर इंग्रजीत नाटकं, कादंबऱ्या झाल्या. आपल्याकडे न. चिं. केळकरांनी तोतयावर नाटक लिहिलं, पण त्यात तो तोतयाच आहे.

तो तोतया नसता तर? किंवा त्याहून अवघड: तो भाऊ नव्हता हे पक्कं, पण भाऊंना ठाऊक असलेलं सगळं त्याला ठाऊक होतं, आणि ते कुठून आलं हे नाना फडणिसांना कळलं होतं. अशा जागी फोर्डने चार परके वाटसरू पर्वतीच्या पायथ्याच्या धर्मशाळेत आणून बसवले असते, त्यात एक हकीम नक्की, आणि नानांनी कुठला कागद का जाळला हे वाचकाला त्यांच्या बोलण्यावरून ओळखायला लावलं असतं.